मुंबईला दुरुस्तीला गेलेलं इंजिन

तिसरं इंजिन सुरू झालं तेव्हा नरूकाका कंपाउंडरांनी डोळे मिटले, डॉक्टरांचा जुना स्टेथोस्कोप कानांत घातला आणि त्याचं टोक इंजिनाच्या बरगडीवर टेकवून म्हणाले, "मोठा श्वास घ्या."

सवयीनं म्हणाले. तीस वर्षं त्यांनी डॉक्टर हळब्यांच्या मागे उभं राहून हे वाक्य ऐकलं होतं. इंजिनानं मात्र ऐकलं. एक मोठा श्वास घेतला, काळा सोडला आणि बंद पडलं.

"हे कुठलं?" नरूकाकांनी विचारलं.

मी सांगितलं, तंबू सिनेमाच्या जनरेटरचं. दीड तास उत्तम चालतं, मग मध्यंतराला थांबतं. दहा मिनिटं शेंगदाणे खायला दिले की पुन्हा चालू.

"नको. ह्याला फिट येतात. पहिल्याला दमा होता. दुसरं मिलिटरी जीपचं, ते ठणठणीत आहे. ठणठणीतच आहे, हीच त्याची अडचण." त्यांनी स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला. "मुकुंदराव, तिन्ही नापास. डॉक्टरांच्या गाडीचा आवाज यातल्या एकाचाही नाही."

मुकुंदराव हळबे, म्हणजे डॉक्टरांचा मुलगा, माझ्या गॅरेजातल्या एकुलत्या एक खुर्चीवर रुमाल पसरून बसला होता. तो कोल्हापूरला वकिली करायचा. त्यानं कपाळाला हात लावला. चेहरा असा, की जणू जन्मठेप त्याला झाली होती आणि पक्षकार सुटला होता.

गोष्ट अशी होती. नगरपालिकेनं दवाखान्याच्या रस्त्याला डॉक्टरांचं नाव द्यायचं ठरवलं होतं. डॉक्टर जाऊन पंधरा वर्षं झाली होती, म्हणजे नगरपालिकेच्या मानानं घाईच झाली. तो रस्ता असा होता की धडधाकट माणूस सायकलवरून निघाला तर दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत त्याचा पेशंट व्हायचा, तेव्हा नाव शोभणारंच होतं. समारंभ रविवारी. डॉक्टरांच्या गाडीतून डॉक्टरीणबाई येणार आणि फीत कापणार. गाडी अमेरिकन बनावटीची, छत्तीस सालची. कंपनीचं नाव सांगत नाही. कंपनी अजून चालू आहे आणि तिचे वकीलही. पत्रा शाबूत होता, गादी मी नवी शिवून घेतली होती, दिवे घासून असे चकचकीत केले होते की शेजारचा न्हावी त्यात बघून गिऱ्हाइकाची दाढी करायचा. कमी होती ती एकाच वस्तूची. बोनेटखाली इंजिन नव्हतं. चौदा वर्षं नव्हतं.

ते मीच काढलं होतं. डॉक्टर गेल्यावर वर्षभरानं डॉक्टरीणबाई दोन महिने वाईला माहेरी गेल्या, आणि तेवढ्यात मुकुंदानं ते नदीपलीकडच्या दौलू चौगुल्याला दिलं. दौलूला गुऱ्हाळाच्या घाण्यासाठी इंजिन हवं होतं, मुकुंदाला दौलूची मोटारसायकल. मुकुंद बावीस वर्षांचा होता, आणि त्या वयात बापाच्या आठवणीपेक्षा मोटारसायकलला जास्त पिकअप असतो. मी पाने-पकडी घेऊन गेलो, अर्ध्या दिवसात इंजिन उतरवलं आणि बैलगाडीतून पलीकडे पोचवून रॉकेलवर चालतं करून दिलं. दिवाळीनंतर रस ओतू लागला.

बाई परत आल्या आणि दसरा आला. गाडीची पूजा करून त्यांनी मला बोलावलं: येसबा, जरा सुरू करून दाखव. मुकुंद पांढरा पडला आणि बोलून गेला की इंजिन दुरुस्तीला मुंबईला पाठवलंय. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, होय.

तो एक 'होय' मी चौदा वर्षं पोसला. दर दसऱ्याला बाई बिनइंजिनाच्या गाडीला झेंडूची माळ घालायच्या, मला चहा आणि शंकरपाळी द्यायच्या आणि विचारायच्या, "काय म्हणतंय मुंबईचं इंजिन?" एका वर्षी मी सांगितलं, पिस्टन अमेरिकेहून निघालेत. पुढच्या वर्षी ते बोट सुएझला अडकल्यानं अडकले. मग पिस्टन आले, पण दमट हवेनं फुगले. मग गिरगावातल्या एका पारशी मिस्त्रीनं इंजिन पूर्ण जोडलं, आणि त्याला त्याचा इतका लळा लागला की सोडवेना. बिचाऱ्याला मूलबाळ नव्हतं. बाई सगळं ऐकून घ्यायच्या, मधेच एखादा प्रश्न विचारायच्या आणि बशीत आणखी चार शंकरपाळी टाकायच्या. गावात सगळ्यांना खरं ठाऊक होतं. ठाऊक नसलेली एकच व्यक्ती आहे असं आम्ही धरून चाललो होतो.

आता रविवारपर्यंत मुंबईहून इंजिन येणं भाग होतं, आणि आवाज तोच हवा होता. त्या इंजिनाला एक खोड होती: धावता धावता मधेच एक ठोका गिळायचं. दोन-चार श्वास नीट, मग एक हुंदका, पुन्हा नीट. मी डॉक्टरांना शंभरदा म्हणालो असेन, पाच मिनिटांचं काम आहे, करून टाकतो. ते करू द्यायचे नाहीत. म्हणायचे, रात्री-अपरात्री व्हिजिटहून येतो, गाडी पुलावर आली की ही त्यावरनं ओळखते आणि चहा टाकते. दुरुस्त केलंस तर मला बिनचहाचं झोपावं लागेल.

"जो आवाज बायकोला पुलावरनं ओळखू यायचा," मुकुंद म्हणाला, "तो आईला गाडीत बसून ओळखता येणार नाही, असं तुम्हा दोघांना वाटतं?" त्याला स्वतःला तो आवाज नीट आठवत नव्हता, शाळेपासून तो होस्टेलात. म्हणून तर नरूकाकांना स्टेथोस्कोपासकट आणलं होतं.

"मग मूळचंच आणा," नरूकाका म्हणाले. "पेशंट जिवंत असताना सोंग कशाला?"

नरूकाकांना घरी सोडून मुकुंद आणि मी तसेच पलीकडे गेलो. मार्गशीर्ष महिना, गुऱ्हाळ भरात. दौलूनं अडवणूक केली नाही, फक्त अट घातली. "न्या की वकीलसाहेब, तुमचंच हाय. पर घाणा थांबला तर माझा गुळव्या मला उकळत्या काहिलीत घालंल. आधी बदली इंजिन आणून उभं करा, मग ह्याला सोडवा." ठरलं: गुरुवारी जीपचं इंजिन तिकडे, डॉक्टरांचं इकडे. मुकुंदानं मोकळा श्वास घेतला आणि माझ्यावर शेवटची कामगिरी सोपवली. आईला जाऊन सांग, इंजिन मुंबईहून निघालं.

मंगळवारी दुपारी गेलो. बाई मागच्या पडवीत नदीकडे तोंड करून गव्हातले खडे वेचत होत्या. सत्तरीच्या होत्या, पण नजर अशी की खडे आपण होऊन बाजूला व्हायचे. मी जमिनीवर बसलो आणि सुरुवात केली. पारशी मिस्त्रीनं डोळ्यांत पाणी आणून इंजिन सोडलं. व्हीटीवर चार हमालांनी मालडब्यात चढवलं. पण खंडाळ्याच्या बोगद्यात गाडी अडकली, कारण समोरून वाघीण आली, आणि वाघीण म्हणजे मालगाडीची नव्हे, खरी, दोन बछड्यांसह. गार्डानं हिरवा कंदील दाखवला तरी हलेना...

"येसबा," बाई म्हणाल्या, "इंजिन बोगद्यात अडकलंय ना?"

"होय बाई. उद्यापर्यंत सुटेल."

"मग हे पलीकडे काय वाजतंय?"

पाण्यावरनं गुऱ्हाळाचा आवाज येत होता. दोन-चार श्वास नीट, मग एक हुंदका.

मी आयुष्यात खूप थापा मारल्यात, पण थाप संपली की कुठं बघायचं असतं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी गव्हाकडे बघितलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"वाईहून आले त्याच हिवाळ्यापासून. पहाटे पाचला जाग आली. वाटलं, हे पुलावर आले. उठून चहासुद्धा टाकला. दूध उतू गेलं तेव्हा आठवलं की हे नाहीत." त्यांनी एक खडा उचलून टाकला. "मग दुसऱ्या दिवशीही टाकला. आता सवयच झालीय. दिवाळी झाली की गुऱ्हाळ लागतं, शिमग्यापर्यंत चालतं. चार महिने रोज पहाटे मी इथे चहा घेते."

"मग मुकुंदरावांना कधी बोलला नाहीत?"

"त्याला चौदा वर्षं वाटतंय की आईला फसवलं. आईनंच त्याला फसवलं हे कळलं तर वकिली सोडून देईल. आणि तुझा तो पारशी? त्याचं पुढे काय झालं ते मला कुठून कळलं असतं?"

मी सांगितलं, आता काळजी नको, गुरुवारी इंजिन आणतोय, रविवारी तुम्ही त्यावरच बसून जाल.

बाईंचा हात सुपात थांबला. "आणू नका."

"अहो, पण..."

"गाडीत बसवलंत की मुकुंद रविवारी फिरवील. पुढच्या वर्षी दसऱ्याला एकदा. बाकीचे दिवस शेडमध्ये, ताडपत्रीखाली. तिथं ते रोज उठतं, कामाला लागतं. ह्यांच्यासारखं. माझ्या पहाटा काढून घेऊ नका, येसबा. गाडीत काय हवं ते बसवा, पाहिजे तर बैल जुंपा. आणि मुकुंदाला यातलं काही सांगू नकोस."

म्हणजे आजवर मी मुलाच्या वतीनं आईला फसवत होतो, आता आईच्या वतीनं मुलाला फसवायचं होतं. बढतीच म्हणायची.

बुधवारी मी दोन चोऱ्या केल्या. पहिली दौलूकडे. एक काहील उतरून दुसरी चढेपर्यंत घाणा अर्धा तास थांबतो. तेवढ्यात मी डॉक्टरांच्या इंजिनाचा ठोका गिळणारा प्लग बदलला, वायर नीट आवळली, व्हॉल्व्हला हात दाखवला. पंचवीस वर्षांची खोड पाच मिनिटांत गेली. इंजिन असं गुळगुळीत चाललं की दौलूचा गुळव्या म्हणाला, आज रस आपण होऊन बाहेर येतोय. दुसरी चोरी माझ्याच गॅरेजात: जीपच्या ठणठणीत इंजिनाचा एक प्लग अर्धा ढिला केला आणि तासभर खटपट करून त्याला हुंदका द्यायला शिकवलं. मिलिटरीचा गडी, आधी रडायलाच तयार होईना.

गुरुवारी मी हट्ट धरला की सोडवण्याआधी नरूकाकांनी पेशंट तपासावा. त्यांनी घाण्याशेजारी चिपाडांवर बसून स्टेथोस्कोप लावला. दोन मिनिटं, चार मिनिटं. मग उभे राहिले.

"हे ते नव्हे. ह्याला काहीही झालेलं नाही."

मुकुंद म्हणाला की असं कसं, इंजिन तेच आहे. मी नम्रपणे म्हणालो, वकीलसाहेब, चौदा वर्षं गोड रसाच्या वासात राहिलं, स्वभाव बदलायचाच. नरूकाका म्हणाले, आवाज गेला की माणूस गेला, नुसतं हाड नेऊन काय करता. एवढ्यावर कज्जा संपला. परत गॅरेजात आलो आणि मी सहज म्हणावं तसं म्हणालो, काका, तो जीपवाला परत एकदा बघता का, परवा नवीन जागा होती, बुजला होता. सुरू केलं. नरूकाकांचा हात छातीवर गेला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "हेच," ते म्हणाले. "डॉक्टर आले."

म्हाताऱ्या माणसाला असं रडवल्याबद्दल मला वाईट वाटायला हवं होतं. मी पाना शोधत बसलो.

जीपचं इंजिन त्या बोनेटात बसवणं म्हणजे म्हशीला परकर नेसवणं. पट्ट्या कापल्या, पाये जोडले, पंखा अर्धा केला. शुक्रवारी सकाळी मी गाडीखाली होतो आणि मुकुंद बाजूला उभा राहून कायदा सांगत होता, तेव्हा दारात दोन पांढऱ्या चपला दिसल्या. डॉक्टरीणबाई भरबाजारातून चालत आल्या होत्या. माझ्या गॅरेजात त्या कधीच आल्या नव्हत्या.

मला एका क्षणात कळलं. काल आणि आज पहाटे पाचला त्या पडवीत बसल्या असणार. आवाज आला असणार, आणि हुंदका आला नसणार. दुरुस्त केलेलं इंजिन परत बिघडवायला मी गेलोच नव्हतो. दौलूची काहील एकदा चढली की घाणा थांबत नाही, आणि मी इकडे गुंतलो होतो.

"बसवलंत?" त्यांनी विचारलं.

"हो आई," मुकुंद म्हणाला. "आलं बघ मुंबईहून. म्हटलं होतं ना?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी गाडीखालून मुंडी हलवत होतो, भुवया नाचवत होतो, डोळा मारत होतो. सत्तर वर्षांच्या बाईला तिच्या मुलादेखत डोळा मारणारा माणूस तिला कसा दिसत असेल, ते आता लक्षात येतं. त्यांनी पदर सारखा केला आणि गेल्या.

दोनदा घरी गेलो. दोन्ही वेळा मोलकरीण म्हणाली, बाई झोपल्यात. डॉक्टरीणबाई दिवसा झोपल्या असं गावानं कधी ऐकलं नव्हतं.

रविवारी गाडी दारात नेली. बाई इस्त्रीचं लुगडं नेसून आल्या आणि मागच्या सीटवर ताठ बसल्या. बाहेर बघायच्या, माझ्याकडे नाही. मी शेजारी, इंजिन रुसलं तर हाताशी असावं म्हणून. पुढे नरूकाका, हातात मुकुंदाच्या वडिलांचा फोटो. मुकुंदानं गाडी सुरू केली. दोन-चार श्वास, हुंदका. पुन्हा दोन-चार श्वास, हुंदका. मुकुंद आरशातून आईकडे बघत होता.

मारुतीच्या देवळाशी गाडी आली. तिथं बाईंनी मान किंचित तिरपी केली. गणपतीच्या वळणावर पुटपुटल्या, "येसबा, हे कुठलं?"

"मिलिटरीचं."

"आणि ते?"

"तिथंच आहे. मीच नीट केलं होतं. बिघडवायचं राहिलंय."

त्यांनी डोळे मिटून घेतले आणि पोरीसारख्या खुदकन हसल्या. मग डोळे पुसले. मुकुंदानं आरशात तेवढंच पाहिलं. "आई, ओळखलास ना आवाज?"

"ओळखला. मुकुंदा, गाडी थांबवू नकोस. पुलावरनं पलीकडे घे."

"पलीकडे? अगं, फीत! नगराध्यक्ष उभे आहेत."

"त्यांना उभं राहायची सवय आहे, तीनदा निवडणुकीला राहिलेत. मला ताजा गूळ हवाय."

मुकुंदानं गिअर टाकला तो भलताच. गावात पन्नास दुकानं गुळाची आणि आईला हवा तो दौलूकडचाच. आमची गाडी मांडवासमोरून गेली. बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली आणि आम्ही लांब गेलो तसे एकेक करून थांबले.

गुऱ्हाळात काहील नुकतीच उतरली होती, घाणा थांबला होता. दौलूनं बाईंना बघितलं आणि हातातली काठी कुठं ठेवावी ते त्याला कळेना. बाई उतरल्या, चिपाडांवरनं लुगडं सावरत सरळ इंजिनापाशी गेल्या. मुकुंद मागं, नरूकाका त्याच्या मागं. बाई मला म्हणाल्या, "तुझं राहिलेलं काम कर."

मी पाना काढला. जुना प्लग मी टाकला नव्हता, खिशातच होता. तो परत घातला, वायर सैल केली. दौलूनं हँडल मारलं.

दोन-चार श्वास नीट. मग हुंदका. नरूकाकांनी स्टेथोस्कोपाला हातही लावला नाही. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा गाडीकडे पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

मुकुंदाला कळायला थोडा वेळ लागला. त्यानं इंजिनाकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं, नदीपलीकडे दिसणाऱ्या आपल्या घराच्या पडवीकडे पाहिलं. पाण्यावरनं सरळ रेघ ओढावी इतकी ती पडवी समोर होती. मग आईकडे. मी त्याला कोर्टात उलटतपासणी घेताना पाहिलंय. माणसाच्या तोंडून शब्द काढायचा असेल तर तो दगडाला बोलतं करील. त्याच्या स्वतःच्या तोंडून तेवढं दोनदा "आई" निघालं, आणि पुढचं निघेना.

"काही बोलू नकोस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी त्याचा हात धरला, ओढून इंजिनाच्या गरम अंगावर टेकवला आणि वर आपला ठेवला. "ऐक. आता चुकेल बघ."